नाव न घेता वाचलेली बातमी

बातमी वाचताना मी एकदा खोकले, तर अख्ख्या कोकबुलाक गावाला माझा खोकला ऐकू गेला. उमसुनने दुकानातून मधाची बाटली पाठवली. डोंगरावर मेंढ्या घेऊन गेलेल्या नणंदेने कसल्याशा मुळीचा काढा घ्यायला सांगितला. पण बातमीतला तालुका कोणता, माणूस कोण, त्याचं वय काय, हे मी घसा ताणून सांगते ते मात्र एकालाही ऐकू जात नाही. आणि अशा लोकांसाठी मी रोज सकाळी, गाईची धार काढून झाली की, हात पुसून फोन तोंडाशी धरून बसते. कुणी सांगितलं होतं म्हणावं, नसते उद्योग करायला!

सांगितलं होतं आपांनी. आपा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि जिल्ह्याचं वर्तमानपत्र बंद पडून त्याची वेबसाइट झाल्यापासून बातम्या फोनमध्ये शिरून बसल्या आहेत. आपा फोन नाकाला लावायच्या, मग माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "अनिपा, बघ गं, काय म्हणतंय हे." मी वाचून दाखवायची. नणंद वरच्या कुरणात जायची तेव्हा तिलाही हवं असायचं. तिथे नेट इतकं रडतखडत चालतं की बातमीचं पान काही उघडत नाही, पण आवाजाचा लहानसा निरोप असेल तर तो ठिबकत ठिबकत उतरतो. म्हणून मी बातमी वाचून, आवाज भरून, तिला पाठवायला लागले. तिने शेजारच्या तंबूत पाठवली, त्यांनी खालच्या वाडीत, वाडीतल्यांनी मॉस्कोत टॅक्सी चालवणाऱ्या पोरांना. बघता बघता ग्रुप झाला आणि मी त्याची नोकर झाले.

बरं, नोकराला पगार तरी असतो. मला मिळतात त्या तक्रारी. एकाला मी फार भरभर वाचते, दुसऱ्याला फार रडकं वाचते. कुणाला राजकारण नको, कुणाला राजकारणाशिवाय काही नको. एक म्हातारबा रोज विचारतात की पाऊस कधी आहे, कारण त्यांचे गुडघे दुखताहेत, जसा काही पाऊस मीच वेबसाइटवर ठेवते. धर्माची गाय आणि दात का गं नाय, त्यातली गत.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे नावांची भानगड. आमच्यात सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. तोंडावर नाही, पाठीमागे नाही, आणि त्याच नावाचा कुणी परका असला तर त्याचंही नाही. शाळेत असताना मी कविता म्हणायचे, रेडिओवर जाईन असं बाई म्हणायच्या, तेव्हा हे कुठे ठाऊक होतं? माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अतांच्या, नावात तर एक धातू आहे, तव्याचा, कुदळीचा, घोड्याच्या नालाचा. त्यामुळे तो धातूही माझ्या तोंडातून निघत नाही. आमच्या भाषेत रेल्वेच्या नावातही तोच धातू आहे, आणि दोन वर्षं वेबसाइटवर रेल्वेशिवाय दुसरं काही नाही. मी आपली वाचते, 'काळ्या कडकाची वाट' अमुक घाटापर्यंत आली. मॉस्कोतली पोरं चेष्टा करतात, "वहिनी, काळ्या कडकाचं तिकीट कितीला हो?" हसू देत. घरात आपांसमोर मान वर करून बसायचं असतं ते मला, त्यांना नाही.

आता मुद्द्यावर येते.

अता आमच्या गावचे पाटकरी. डोंगरातून येणारा पाट कुणाच्या शेताला कधी वळवायचा, कुणाची पाळी किती वेळ, हे सगळं त्यांच्याकडे. त्यातून मिळतं काही नाही, मिळते ती कटकट, आणि एक मान. दर वर्षी वसंतात, पाणी सोडायच्या आधी, सगळे शेतकरी शाळेच्या अंगणात जमतात आणि पाटकरी निवडतात. दर वर्षी कुणीतरी म्हणतं, "अताच," आणि सगळे चहाला उठतात. या वर्षीची सभा रविवारी होती. आणि त्याच आठवड्यात वेबसाइटवर ती मेली बातमी आली.

डोंगरापलीकडच्या तालुक्यात एका पाटकऱ्याला पकडलं होतं. शेतकऱ्यांच्या पाळीचं पाणी तो एका मासे पाळणाऱ्याला विकत होता. आणि त्या दिवट्याचं नाव, पहिलं नाव, अगदी आमच्या अतांचं. आमच्या गावात ते नाव दुसऱ्या कुणाचं नाही. तिकडे असेल, मला काय माहीत? बातमी पाण्याची, म्हणजे आमच्या लोकांच्या जिव्हाळ्याची, म्हणून मी ती वाचायला घेतली. वरच्या तंबूंना लांब निरोप उतरत नाही, तेव्हा नेहमीसारखे दोन भाग केले. पहिल्या भागात वाचलं की एका पाटकऱ्याला पोलिसांनी ताब्यात घेतलं आहे, गुन्हा असा असा आहे, "आणि त्याचं नाव मला घेता येत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. बाकीचं दुसऱ्या भागात." दुसऱ्या भागात तालुका सांगितला, आडनाव सांगितलं जुमाशेव, आणि वय सांगितलं छत्तीस. छत्तीस! अतांची दाढी माझ्या लग्नातच पांढरी होती.

गुरुवारी ओमुरझाककडे जेवण होतं. ओमुरझाक म्हणजे दोन ट्रकांचा मालक. त्याचं शेत पाटाच्या अगदी तोंडाशी आहे आणि त्याला बरीच वर्षं पाटकरी व्हायचं आहे. त्याच्या नातवाला पाळण्यात घालायचा सोहळा होता, सगळं गाव बोलावलेलं. मी स्वयंपाकघरात बोरसोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळत होते, त्यामुळे पंक्तीत काय झालं ते मला दिसलं नाही. एवढंच दिसलं की बायका माझ्याशी जरा जास्तच गोड बोलताहेत आणि एकीनेही बातम्यांचा विषय काढला नाही.

घरी आल्यावर अतांनी टोपी काढून खुंटीला लावली, आणि फडक्यात बांधून आणलेला मांसाचा वाटा आपांसमोर ठेवला. वाटा घरी आणतातच, त्यात नवल नाही. आपांनी फडकं सोडलं, हाताने चाचपलं, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. मोतीबिंदू असला तरी हाड कळायला डोळे लागत नाहीत. पंक्तीत वयाने आणि मानाने मोठ्या माणसाला कमरेचं मोठं हाड देतात. मी या घरात आल्यापासून अतांनी दुसरं हाड आणलेलं नाही. त्या दिवशी फडक्यात होतं ते पुढच्या पायाचं, जे दाराशी बसलेल्या पोराटोरांना वाढतात.

"चुकून बदललं असेल," मी म्हटलं.

"हाडं चुकून बदलत नाहीत," आपा म्हणाल्या.  अतांनी चहाही घेतला नाही, फावडं उचललं आणि पाटावर गेले.

आमच्यात कुणी तोंडावर शिवी देत नाही. हाड देतात. शिवी दिली तर उलट शिवी देता येते, हाडाला काय उत्तर देणार?

 मी तडक उमसुनच्या दुकानात गेले. उमसुन माझ्याच वयाची, एकाच वर्षी आम्ही दोघी या गावात सुना म्हणून आलो, आणि ग्रुपवर सगळ्यात जास्त बडबड तिची असते. मला बघून तिने मीठ मोजायला सुरुवात केली. मीठ कुणी मागितलं नव्हतं. मी म्हटलं, काय झालंय ते सांग, नाहीतर मी इथून हलत नाही. तेव्हा ती हळूच म्हणाली, की पैसे भरून सोडवून आणलंत म्हणतात, बरं झालं, मला फार वाईट वाटलं बाई, पण तुझं कौतुक वाटलं, घरचं माणूस असूनही तू बातमी लपवली नाहीस.

मला क्षणभर काही कळेना. आणि मग कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली.

"दुसरा भाग ऐकलास?"

"दुसरा कशाला? पहिल्यातच सगळं कळलं की."

"उमसुन, त्यात तालुका आहे. वय आहे. तो माणूस छत्तीस वर्षांचा आहे."

"असेल," ती म्हणाली. "पण नाव तर तू घेतलं नाहीस ना?"

तिथेच उभं राहून मी फोन उघडला. निरोप कुणी कुणी ऐकला ते त्यात दिसतं. पहिल्या भागाखाली सगळं गाव होतं, मॉस्को होतं, वरचे तंबू होते, कधी काही न ऐकणारा मास्तरही होता. दुसऱ्या भागाखाली मोजकीच नावं, आणि त्यातलं एक आपांचं, म्हणजे माझ्या शेजारी बसून ऐकलेलं. पहिला भाग लोकांनी इकडून तिकडे इतका पाठवला होता की तो फिरून माझ्याच माहेरच्या ग्रुपवर आला होता. त्याखाली माझ्या भावाने विचारलं होतं, "ताई, सासरे सुटले का?"

आणि आमचं सुखी कुटुंब! अता फोनच वापरत नव्हते, म्हणजे एक जुना बटणांचा होता, हाक मारायला. आपांनी दोन्ही भाग ऐकले होते, त्यांच्या मनात काही आलंच नाही. माझा नवरा कुबात दिवसभर ट्रॅक्टरखाली. ज्याच्याबद्दल गाव बोलत होतं त्या घराला सोडून सगळ्यांना बातमी पोचली होती.

मी घरी येऊन लगेच खुलासा भरला. म्हटलं, मंडळी, बातमीतला माणूस आमच्या घरचा नव्हे, तो डोंगरापलीकडचा आहे, दुसरा भाग ऐका. केलं काय मी, तर ज्यांनी पहिला भाग ऐकला नव्हता त्यांनीही तो शोधून ऐकला. लोक म्हणाले, सून आहे, नाही म्हणणारच. मी वेबसाइटची मूळ बातमी जशीच्या तशी पाठवली, अक्षरं आहेत, वाचा. वाचायला वेळ कुणाला? कुबातला ट्रॅक्टरखालून ओढून काढलं आणि बोलायला लावलं. तो बिचारा ततपप करत म्हणाला, माझे वडील तसे नाहीत. त्यावर उत्तर आलं, मुलगा दुसरं काय म्हणणार? उमसुनच्या मुलीने सगळी बातमी नावासकट वाचली, स्वच्छ वाचली. तर म्हणे, ती पोर काहीही वाचते, अनिपाच्या तोंडून ऐकल्याशिवाय बातमीसारखं वाटत नाही. इतकी वर्षं या लोकांनी मला नावं ठेवली, आणि माझ्या आवाजावर भरवसा ठेवायचा मुहूर्त हा काढला.

मग शनिवारी ओमुरझाकने निरोप टाकला. आवाज गोड, जसा पाहुण्याला आत बोलावताना असतो. "सूनबाई, वाद कशाला? माणूस दुसरा असेल तर त्याचं नाव घे, विषय संपला. नाव गिळलंस, तर आम्ही काय समजायचं? उद्या सभा आहे, लोकांना उत्तर हवं."

त्याखाली अंगठेच अंगठे.

ओमुरझाकला काय माहीत नाही? त्याच्या घरात दोन सुना आहेत. परक्याचंही नाव घ्यायचं नसतं हे त्या दोघींना विचारलं असतं तरी कळलं असतं. पण त्याला बरोबर ठाऊक होतं की मी नाव घेतलं तर निर्लज्ज, नाही घेतलं तर चोराची सून. इकडे आड, तिकडे विहीर, आणि काठावर हा ट्रकवाला टाळ्या वाजवतोय.

मी आपांना विचारलं. विचारायच्या आधीच उत्तर ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, माझ्या सासूने माझ्या सासऱ्याचं नाव त्याच्या मयतीलासुद्धा घेतलं नाही, मी माझ्या नवऱ्याचं घेतलेलं नाही, आणि तू फोनवर साऱ्या मुलखाला ऐकवणार? मी म्हटलं, आपा, उद्या त्यांना सभेत सगळ्यांसमोर काढून टाकतील. तर म्हणाल्या, काढू देत, पण घराची रीत राहील. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यांना मात्र सांगू नकोस. हाडापर्यंतच राहू दे." आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली, आणि ही दोन्ही एकदम आली की मला काही सुचत नाही.

मी ऐकलं नाही. पाटावर गेले.

अता पाटाचं पाणी अडवणाऱ्या फाटकाशी गुडघाभर चिखलात उभे होते, हिवाळ्याचा गाळ काढत होते. उद्या पद जाणार असं गाव ठरवून बसलेलं, आणि हा माणूस त्याच गावासाठी गाळ काढतोय. सासऱ्याशी आम्ही मान खाली घालून, हळू आवाजात बोलतो. मी काठावर उभी राहून चिखलाकडे बघत सगळं सांगितलं, पहिला भाग, दुसरा भाग, ओमुरझाक. ते फावडं थांबवत नव्हते. सगळं सांगून झालं तेव्हा म्हणाले,

"मासेवाल्याला विकलं?"

"हो, अता."

"मूर्ख आहे. मासेवाल्याला रोज पाणी लागतं. खालचे लोक चौथ्या दिवशी बोंबलणारच. चोरी करायलाही अक्कल लागते."

मग त्यांनी फावडं चिखलात रोवलं. "म्हणजे हाड त्याच्यामुळे होतं."

"हो."

"मला वाटलं, म्हातारा झालो म्हणून," ते म्हणाले. "दोन दिवस घोकत होतो, की आपण काय विसरलो, कुणाची पाळी चुकवली."

मी म्हटलं, "मी नाव घेतलं तर विषय मिटेल म्हणतात. पण मला जमायचं नाही, अता. आपाही नको म्हणतात."

आणि मग ते चिडले. अता मोठ्याने चिडत नाहीत, शब्द तोडून तोडून बोलायला लागतात.

"जमायचं नाही म्हणजे काय? मला नाव आहे. आईने ठेवलंय. माझा थोरला भाऊ पाटाच्या त्या टोकावरून हाक मारायचा, इथपर्यंत ऐकू यायची. तो गेला. त्यानंतर एका माणसाने मला त्या नावाने हाक मारलेली नाही. पोरं अता म्हणतात. गाव अता नाहीतर पाटकरी म्हणतं. तुझी आपा 'अहो' म्हणते. पेन्शनच्या खिडकीतली बाई आडनाव ओरडते. घरात तर कुदळीच्या धातूचंही नाव घ्यायची चोरी. मी मेलो की मुल्ला एकदा म्हणेल, तेव्हा मी ऐकायला नसेन."

मी मान वर केली. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्याकडे सरळ बघितलं असेन. त्यांनी मात्र तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

"चोराचं म्हणून का होईना," ते म्हणाले, "घे."

घरात आपा, अंगणात कुत्रा, म्हणून मी गवताच्या कोठीत जाऊन दार लावून घेतलं. म्हटलं, एवढंसं तर आहे. बातमी तोंडपाठ झाली होती. पण नावाशी आलं की जीभ टाळूला चिकटायची. एकदा मी नावाच्या जागी खोकलेच. एकदा अर्धं नाव घेतलं आणि हुंदका आला, ते पुसलं. एकदा सगळं नीट झालं तर शेजारच्या गाढवाने साथ दिली. मी चिडून गवताला लाथ मारली. मग डोळे मिटले, आणि शाळेत बाईंनी फळ्यासमोर उभं केलंय असं समजून एका दमात बोलले.

"डोंगरापलीकडच्या तालुक्यात पोलिसांनी पाणी विकल्याबद्दल पकडलेल्या पाटकऱ्याचं नाव तेमिरकुल. तेमिरकुल जुमाशेव, वय छत्तीस. कोकबुलाकचे पाटकरी वेगळे आहेत, त्यांची दाढी तुम्ही सगळ्यांनी बघितली आहे. या बातमीला दुसरा भाग नाही. शेवटपर्यंत ऐका."

पाठवलं आणि फोन गवतात फेकून दिला.

गावाने या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. आणि मग काय झालं असेल? कुणी म्हणालं का, चुकलो, माफ करा? छे. सगळ्या म्हाताऱ्या माझ्यावर तुटून पडल्या. काय हा काळ आला, सुना सासऱ्यांचं नाव चारचौघांत घेतात! उमसुनने लिहिलं, मी बाई कान झाकून ऐकलं. कान झाकून कसं ऐकतात ते तिलाच ठाऊक. एकीने आपांना फोन करून विचारलं, की तुमची सून शहरातली का हो? माझं माहेर पाटाच्या खालच्या गावात आहे, तिला माहीत आहे. ओमुरझाकने आपला निरोप गुपचूप पुसून टाकला आणि नातवाचा फोटो टाकला. आणि आपा माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. जेवायला वाढलं की "त्या बाईला सांगा, मीठ कमी आहे" असं भिंतीला सांगायच्या.

रविवारी सभा झाली. बायका जात नाहीत, कुबातने येऊन सांगितलं. थोडा वेळ सगळे बुटांकडे बघत बसले, मग मास्तर म्हणाला, "अताच," आणि मंडळी चहाला उठली. ओमुरझाकच सगळ्यात आधी उठला म्हणे. एवढ्यासाठी माझी लाज वेशीवर टांगली या लोकांनी.

सभेला जायच्या आधी अतांनी मला हाक मारली होती आणि तो बटणांचा फोन पुढे केला होता. म्हणाले, ते जे वाचलंस, ते यात घालून दे. मला वाटलं, सभेत कुणी तोंड उघडलंच तर पुरावा म्हणून ऐकवतील. त्यात चिप होती, तिच्यावर मी निरोप उतरवून दिला, आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. कुबात म्हणाला, सभेत त्यांनी फोन काढलाच नाही. मी म्हटलं, बरं झालं, गरज पडली नाही.

पाणी सुटलं त्या दिवशी मी त्यांचा चहा घेऊन पाटावर गेले. अता फाटकाजवळ दगडावर बसले होते, पाठ माझ्याकडे, फोन कानाशी. पाण्याचा आवाज होता, म्हणून त्यांनी फोन मोठा केला होता, आणि मला माझाच आवाज ऐकू आला. "...पकडलेल्या पाटकऱ्याचं नाव तेमिरकुल." तिथे त्यांनी बटण दाबून बंद केलं. पुन्हा पहिल्यापासून लावलं. पोलीस गेले, पाणी गेलं, नाव आलं, बंद. जुमाशेवपर्यंत ते एकदाही पोचले नाहीत. मी किटली हातात धरून उभी होते आणि चहा निवत होता.

खडा सरकला तसं त्यांना कळलं. मागे न बघता म्हणाले,

"सूनबाई, यातलं ते पोलिसांचं काढून टाकता येतं का? आणि ते पुढचं, त्या माणसाचं आडनाव, तेही?"

"येतं, अता," मी म्हटलं.

"मग काढ," ते म्हणाले, आणि फोन दगडावर ठेवून फाटक बघायला उठले.

मी तिथेच काठावर बसून माझ्या फोनवर ते कापलं. आधीचं काढलं, नंतरचं काढलं. मग चिप त्यांच्या फोनमध्ये परत घातली. आता तिच्यावर तेवढंच आहे, एक नाव, माझ्या आवाजात. ते पाटावर असले आणि आजूबाजूला कुणी नसलं की लावतात. घरी लावत नाहीत, आपा आहेत ना.